मित्र की शत्रू : युद्धकालीन विमानओळख-प्रतिकृती आणि त्यांचा संग्रह

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाशातील विमान कोणाचे आहे हे सैनिकांना, तोफचींना आणि नागरी निरीक्षकांना क्षणार्धात सांगता यावे, यासाठी लाकडाच्या, जाड कागदाच्या आणि पुढे प्लास्टिकच्या लहान विमानप्रतिकृती लाखोंच्या संख्येने तयार करण्यात आल्या. या प्रतिकृतींना ओळख-प्रतिकृती म्हणतात. त्या बहुधा निस्तेज काळ्या रंगाच्या असत, त्यांवर खिडक्या, बोधचिन्हे किंवा वैमानिकाची आकृती काढलेली नसे, आणि त्यांची चाकेही दाखवलेली नसत, कारण हवेत उडणाऱ्या विमानाची चाके बहुधा आत ओढलेली असतात. खेळणे म्हणून किंवा दिवाणखान्याची शोभा म्हणून त्या केल्याच गेल्या नव्हत्या. नकाशा किंवा तक्ता जसा शिकवण्याचे साधन असतो तशाच त्याही होत्या, आणि म्हणूनच आज त्यांचा संग्रह करणाऱ्याला त्यांचे मोल सौंदर्यावरून ठरवता येत नाही. कोणता आकार दाखवला, कोणाला शिकवण्यासाठी दाखवला आणि तो दाखवण्याची गरज का पडली, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रतिकृतीतून वाचता आली तरच ती वस्तू इतिहासाचे साधन ठरते.

ही गरज विमानाच्या वेगातून निर्माण झाली. पहिल्या महायुद्धातील दुपंखी विमाने तुलनेने संथ होती आणि जमिनीवरच्या माणसाला त्यांच्याकडे पाहायला वेळ मिळे. परंतु १९३० नंतरच्या दशकात एकपंखी, धातूच्या बांधणीची आणि ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग असलेली लढाऊ विमाने आली, आणि ती बनवणाऱ्या देशांत वैर असले तरी वायुगतिशास्त्राचे नियम सर्वांना सारखेच असल्यामुळे त्या विमानांची घडणही एकमेकांसारखी होत गेली. ब्रिटनची स्पिटफायर व हरिकेन, जर्मनीचे मेसरश्मिट १०९ आणि जपानचे झीरो ही सर्व एका इंजिनाची, एका आसनाची आणि पंख खालच्या बाजूला असलेली विमाने होती. हरिकेनच्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार सुमारे १२.२ मीटर, तर झीरोचा १२ मीटर. म्हणजे नुसत्या आकारमानावरून त्यांतला फरक डोळ्याला सांगता येणे शक्यच नव्हते.

सह्याद्रीच्या पायथ्याशी, चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वसलेल्या अलोरे या गावाच्या भूगोलावरून हा प्रश्न नेमका समजतो. अशा ठिकाणी पूर्वेकडचे आकाश डोंगराच्या कड्याने अडवलेले असते आणि पश्चिमेकडे वाशिष्ठीचे खोरे समुद्राच्या दिशेने उघडे असते. या खोऱ्यातून ताशी ४८० किलोमीटर वेगाने खालून येणारे विमान चार किलोमीटर अंतरावर प्रथम दिसले, तर ते डोक्यावर यायला अवघे ३० सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत विमान पाहायचे, ओळखायचे, वर कळवायचे आणि तोफ चालवायची की नाही हे ठरवायचे असते. शिवाय उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर दूरचे विमान काळसर ठिपक्यासारखे दिसते, त्यावरचा रंग व चिन्हे जवळ आल्यावरच कळतात, आणि ती कळेपर्यंत निर्णयाची वेळ निघून गेलेली असते. आकार मात्र आधी दिसतो. कोकणातला शेतकरी आकाशात उंच घिरट्या घालणारी घार आणि ब्राह्मणी घार पिसांच्या रंगावरून नव्हे, तर साध्या घारीच्या दुभंगलेल्या आणि ब्राह्मणी घारीच्या गोलसर शेपटीवरून वेगळी काढतो, तसेच निरीक्षकाला विमानाचे करता यायला हवे होते. अमेरिकी पक्षिचित्रकार रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या पक्षी-मार्गदर्शिकेत दुरून दिसणाऱ्या मोजक्या ठळक खुणांवर भर दिला होता, आणि युद्धकाळात हीच विचारपद्धती विमानांना लावली गेली.

ओळख चुकली तर काय होते, याचा धडा ब्रिटनला युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात मिळाला. ६ सप्टेंबर १९३९ रोजी शत्रूची विमाने आल्याचा खोटा इशारा मिळून ब्रिटिश हवाई दलाची हरिकेन विमाने आकाशात झेपावली आणि त्याच दलाच्या स्पिटफायर विमानांनी त्यांना शत्रू समजून दोन हरिकेन पाडली; त्यात माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक मारला गेला. ‘बार्किंग क्रीकची लढाई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेत शत्रूचे एकही विमान नव्हते. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील रडारकेंद्रांची तोंडे समुद्राकडे असल्यामुळे विमान किनारा ओलांडून आत शिरले की त्याचा माग ठेवण्याचे काम सर्वस्वी निरीक्षक दलाच्या डोळ्यांवर आणि कानांवर येई. या दलातील बहुतेक लोक दुकानदार, शिक्षक, शेतकरी असे साधे नागरिक होते आणि सुरुवातीला त्यांनी विमान आल्याचे, त्याची दिशा व उंची कळवावी एवढीच अपेक्षा होती. ते कोणते विमान आहे हे ओळखण्याची गरज त्यांनाच प्रथम जाणवली. गिल्डफर्ड येथील निरीक्षकांनी स्वतःहून ‘हर्कर्स क्लब’ नावाचे मंडळ काढून ओळखीचा अभ्यास सुरू केला, आणि वरिष्ठांच्या आदेशाची वाट न पाहता खालून सुरू झालेल्या या प्रयत्नाला या इतिहासात मानाचे स्थान द्यायला हवे. जानेवारी १९४१ मध्ये पीटर मेसफील्ड यांच्या संपादकत्वाखाली ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिक निघू लागले, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निरीक्षक दलाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली, आणि सप्टेंबर १९४२ पासून तिन्ही सैन्यदलांसाठी विमानओळखीचे एक स्वतंत्र मासिक प्रसिद्ध होऊ लागले.

या शिक्षणाला लागणारे मोजमाप मात्र सैन्याने शोधलेले नव्हते. ते छंदाच्या दुनियेतून आले होते. जेम्स हे स्टीव्हन्स यांनी १९३२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकडी विमानांचे जोडसंच १:७२ या प्रमाणात तयार केले. १:७२ म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट प्रतिकृतीत एक इंच होतात, आणि फूट-इंचांत विचार करणाऱ्या कारागिराला हा हिशोब अत्यंत सोयीचा होता. १९३६ साली ‘फ्रॉग’ या छापाखाली ‘पेंग्विन’ नावाचे प्लास्टिकचे जोडसंच याच प्रमाणात बाजारात आले. युद्ध सुरू झाल्यावर लष्करी शिक्षकांनी हे प्रमाण स्वीकारले, कारण त्यातून अंतराचा भ्रम अचूक निर्माण करता येतो: प्रतिकृती दहा मीटर दूर टांगली की ती ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. शाळेच्या एका सामान्य वर्गखोलीची लांबी यासाठी पुरेशी होती. या प्रमाणात स्पिटफायरचा पंखविस्तार साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास येतो, झीरोचा पावणेसतरा, आणि चार इंजिनांच्या लँकेस्टर बाँबफेकी विमानाचा ४३ सेंटीमीटर. सर्व विमाने एकाच प्रमाणात असल्यामुळे शेजारी शेजारी टांगलेल्या प्रतिकृतींतून त्यांच्या परस्पर आकारमानाचे भानही आपोआप येत असे, जे पुस्तकातील चित्रांतून कधीच येत नाही, कारण चित्रकार पानाच्या मापात बसवण्यासाठी लहान-मोठे विमान सारख्याच आकाराचे काढतो.

अमेरिकेत या प्रयत्नाला जे विराट रूप आले, त्याची पार्श्वभूमीही एका चुकीची आहे. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाल्यावर त्याच रात्री ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू जहाजाची वाइल्डकॅट विमाने तेथे उतरण्यासाठी आली असता, भेदरलेल्या अमेरिकी तोफचींनी त्यांच्यावरच मारा केला आणि तीन अमेरिकी वैमानिक प्राणाला मुकले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, १९४२ च्या आरंभी, नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी देशातील माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांना पाच लाख ओळख-प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले. एकूण पन्नास प्रकारची विमाने निवडण्यात आली आणि प्रत्येकाच्या दहा हजार प्रतिकृती अपेक्षित होत्या. नौदलाच्या वैमानिकी विभागातील प्रशिक्षणसाधनांचे प्रमुख लुईस दे फ्लोरेझ यांच्या पुढाकाराने आखलेल्या आणि केंद्रीय शिक्षण खात्याच्या सहकार्याने चाललेल्या या योजनेत शाळांना पूर्ण आकाराचे आराखडे आणि आकार तपासण्याचे कापीव नमुने पाठवले जात. विद्यार्थी पाइन, बासवुड यांसारख्या लाकडाचा ठोकळा कोरून, घासून, नमुना वारंवार लावून पाहत आणि शेवटी त्याला काळा रंग देत. नमुन्याशी जुळत नसलेली प्रतिकृती नाकारली जाई, आणि स्वीकारल्या गेलेल्या प्रतिकृतींच्या संख्येनुसार विद्यार्थ्याला मानद पदाचे प्रमाणपत्र मिळे.

पोरवयाच्या मुलांना युद्धाच्या कामाला जुंपणे योग्य होते का, हा प्रश्न आज विचारता येतो आणि तो विचारलाही पाहिजे. तरीही या योजनेतील एक गोष्ट आदराने नोंदवावी लागते. सुतारकामाच्या तासाला होणाऱ्या घडणीत एरवी चालून जाणारी ढिलाई इथे चालत नव्हती, कारण पंखाच्या टोकाची गोलाई चुकली तर तीच चूक पुढे तोफचीच्या डोळ्यात बसणार होती. मुलांच्या हातून घडलेल्या त्या ठोकळ्यांवर कोणा अनोळखी वैमानिकाचा जीव अवलंबून होता आणि हे त्या मुलांना सांगण्यातही आले होते.

हाताने घडवलेल्या लाकडी प्रतिकृतींतील लहानसहान फरक टाळण्यासाठी आणि वाढती मागणी पुरवण्यासाठी १९४२ पासूनच शिकागो येथील क्रूव्हर या कंपनीकडे प्लास्टिकच्या साच्यांतील प्रतिकृतींचे काम सोपवण्यात आले. जाहिरातीच्या भेटवस्तू आणि बिल्ले बनवण्याचा अनुभव असलेल्या या कंपनीने सेल्युलोज अॅसिटेट या पदार्थापासून हजारो काळी विमाने काढली. सेल्युलोज अॅसिटेट म्हणजे कापूस वा लाकडाच्या तंतूंवर अॅसेटिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारे, तापवल्यावर साच्यात ओतता येणारे एक जुने प्लास्टिक. सिनेमाच्या फिती आणि चष्म्याच्या काड्याही त्यापासून होत. क्रूव्हरच्या प्रतिकृतींच्या खालच्या बाजूला विमानाचे नाव आणि महिना-वर्ष उठावाच्या अक्षरांत दिलेले आढळते, आणि संग्राहकाच्या दृष्टीने ही नोंद फार मोलाची असते. जर्मनीतही हेच चालले होते: बर्लिनच्या वायकिंग कंपनीने १:२०० प्रमाणात विमानांच्या आणि १:१२५० प्रमाणात जहाजांच्या प्रतिकृती सैन्यशिक्षणासाठी पुरवल्या. दोन्ही बाजूंचे तरुण एकमेकांच्या विमानांचे सारखेच काळे आकार पाठ करत होते.

प्रतिकृती छतापासून दोऱ्याने टांगून, पडद्यामागून तिची सावली पाडून किंवा हातात धरून वेगवेगळ्या कोनांत फिरवून शिकवले जाई. इंग्रजी भाषक शिक्षकांनी पंख, इंजिन, मधले धड आणि शेपटी हे चार अवयव क्रमाने तपासण्याची एक पद्धत बसवली होती आणि त्या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘वेफ्ट’ म्हणत. ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल रेनशॉ यांनी या पद्धतीला विरोध केला. माणूस ओळखीचा चेहरा नाक-डोळे वेगवेगळे मोजून ओळखत नाही, तो सगळा एकदम ओळखतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि म्हणून ते विमानाचे चित्र पडद्यावर सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाइतक्या अल्प काळासाठी झळकवून विद्यार्थ्याला उत्तर सांगायला लावत. नौदलाने ही पद्धत स्वीकारली. वस्तुतः या दोन्ही पद्धती परस्परपूरक होत्या असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते: रेनशॉ यांच्या झळकत्या चित्रांनी प्रतिसादाची चपळाई येई, पण विमान वळताना त्याचा आकार कसा बदलत जातो ही जाण मात्र हातात फिरवता येणाऱ्या त्रिमिती वस्तूवाचून येत नसे. उभ्या, आडव्या आणि समोरून काढलेल्या तीन छायाकृती पाठ असलेल्या माणसालाही तिरक्या कोनातून येणारे विमान गोंधळात टाकी.

या साधनाला मर्यादाही होती. ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीच्या किनाऱ्यावर छत्रीधारी सैनिकांना घेऊन निघालेल्या १४४ अमेरिकी सी-४७ विमानांपैकी २३ विमाने आपल्याच जहाजांवरील आणि किनाऱ्यावरील तोफांनी पाडली. सी-४७ हे दोन इंजिनांचे मालवाहू विमान तोपर्यंत प्रत्येक तोफचीला तोंडपाठ असणार. परंतु अंधारात, हल्ल्याच्या भीतीत आणि एकाने गोळी झाडली की सगळ्यांनी झाडायची या लोंढ्यात वर्गातील शिक्षण टिकले नाही. म्हणूनच जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवरील चढाईच्या वेळी दोस्तांच्या विमानांवर ठळक काळे-पांढरे पट्टे रंगवण्याचा उपाय योजला गेला.

हिंदुस्थानाशी या इतिहासाचा संबंध १९४२ च्या एप्रिलमध्ये प्रत्यक्ष जुळतो. ५ एप्रिलला जपानी विमानवाहू जहाजांवरील विमानांनी कोलंबोवर हल्ला केला, दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बाँब पडले, आणि त्याच वर्षी २० डिसेंबरच्या रात्री कलकत्त्यावर पहिला हवाई हल्ला झाला. मुंबईवर जपानी विमान कधी आले नाही, तरी शहर त्याच्या तयारीत होते: हवाई हल्ल्यापासून बचावासाठी नेमलेले ए.आर.पी.चे वॉर्डन, भोंगे, ब्लॅकआउट आणि वाळूच्या पोत्यांनी झाकलेल्या इमारती ही त्या पिढीच्या आठवणीतली मुंबई आहे. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी पुण्याजवळ लोहगावचा विमानतळ १९३९ मध्येच उभारण्यात आला होता, आणि सांताक्रूझच्या धावपट्टीवरून हरिकेन व पुढे थंडरबोल्ट विमाने उडत. हिंदी सैन्यात विमानविरोधी तोफखान्याच्या तुकड्या याच वर्षांत उभ्या राहिल्या आणि कराची हे त्यांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र होते. यापूर्वी आयुष्यात मोजकीच विमाने पाहिलेल्या खेड्यातील तरुणाला झीरो आणि हरिकेन यांतला फरक शिकवणे, हे या प्रशिक्षणातील खरे आव्हान होते.

पूर्व आघाडीवर ओळखीचा प्रश्न इतका बिकट होता की त्यापायी विमानांची चिन्हेच बदलावी लागली. ब्रिटिश विमानांवरील गोल चिन्हाच्या मधोमध लाल ठिपका असे आणि जपानी विमानांवर मोठे लाल सूर्यबिंब असे. घाईत लाल रंग दिसला की तोफची गोळी झाडत. त्यामुळे अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातील लाल ठिपका काढून टाकला, आणि भारत-ब्रह्मदेश आघाडीवरील ब्रिटिश व हिंदी हवाई दलाच्या विमानांवर लाल रंग वगळून गडद निळे आणि फिकट निळे असे चिन्ह वापरण्यात येऊ लागले. लढाऊ विमानांच्या पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टेही रंगवले गेले, कारण थंडरबोल्टसारखे जाड नाकाचे विमान जपानी लढाऊ विमानाशी गल्लत होण्याजोगे होते. जपानी विमानांची मूळ नावे व क्रमांक लक्षात ठेवणे दोस्तांच्या सैनिकांना कठीण जात असल्यामुळे अमेरिकी अधिकारी फ्रँक मकॉय यांनी १९४२ मध्ये त्यांना सोपी टोपणनावे दिली: लढाऊ विमानांना पुरुषांची, बाँबफेकी विमानांना स्त्रियांची. ‘ऑस्कर’, ‘टोजो’, ‘सॅली’, ‘बेटी’ ही नावे कलकत्ता व इंफाळच्या रक्षकांना त्यामुळेच परिचयाची झाली.

मुंबईत ओळखीच्या या भीतीचा विलक्षण प्रत्यय १४ एप्रिल १९४४ रोजी आला. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टाइकिन’ या जहाजाला आग लागून दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले, गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसे मेली, आणि शहरातील असंख्य लोकांनी हा जपानी हवाई हल्लाच आहे असे मानले. त्या जहाजावर स्फोटके, कापसाच्या गासड्या आणि सोने यांच्यासोबत स्पिटफायर विमानेही होती. विमानच नसलेल्या आकाशातही लोकांना शत्रू दिसला, यावरून दोन वर्षांच्या धास्तीने शहराच्या मनाची काय अवस्था झाली होती ते कळते. आकाश खात्रीने वाचू शकणाऱ्या माणसांची किंमतही अशाच प्रसंगी उमगते.

युद्ध संपल्यावर ही विद्या भारतात वेगवेगळ्या संस्थांत टिकून राहिली. फाळणीनंतर विमानविरोधी तोफखान्याचे शिक्षण नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना विद्यालयात आले आणि १९८९ मध्ये ते ओडिशातील गोपालपूरला हलवण्यात आले. १९९४ साली हवाई संरक्षण तोफखाना हे स्वतंत्र दल झाले. राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कलकत्ता येथे सुरू झाली, आणि तिच्या छात्रांना विमानप्रतिकृती करण्याचे व विमाने ओळखण्याचे धडे आजही दिले जातात. लढाऊ जेटचा वेग वाढल्यावर डोळ्यांचे काम संपेल असे अनेकांना वाटले होते, परंतु रडारच्या नजरेखालून उडणारे विमान प्रथम माणसाच्याच दृष्टीस पडते, हे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत सीमेवरच्या निरीक्षण चौक्यांनी दाखवून दिले. १६-१७ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिश लँकेस्टर विमानांनी पाण्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या १८ मीटर उंचीवरून येऊन जर्मनीची मोने आणि एडर ही धरणे फोडली, तेव्हा धरणे आणि वीजकेंद्रे ही हवाई संरक्षणातील मर्मस्थाने असतात हे ठळकपणे दिसले. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहात आणि तेथून कोळकेवाडीकडे आणणाऱ्या ज्या प्रकल्पाच्या कर्मचाऱ्यांची वसाहत अलोरे येथे वसली, त्याच्याकडेही या दृष्टीने पाहता येते.

युद्धानंतर शिक्षणाचे हे साहित्य निरुपयोगी ठरून ‘डिस्पोजल’च्या मालात गेले, मुलांच्या हाती खेळणे म्हणून पडले किंवा फेकले गेले, आणि म्हणूनच मुळात लाखोंनी झालेल्या या वस्तू आज तुलनेने थोड्याच शिल्लक आहेत. वॉशिंग्टनचे स्मिथसोनियन संस्थेचे राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालय आणि लंडनचे इंपीरियल वॉर म्युझियम येथे त्यांचे संग्रह आहेत. खासगी संग्राहकही त्या जमवतात. या संग्राहकांत बाजारभावाकडे पाहणारे आणि अभ्यासासाठी जमवणारे असे दोन्ही असतात, परंतु वस्तूशी प्रामाणिक राहायचे असेल तर पहिला नियम एकच: मूळ काळा रंग खरवडून नवा चकचकीत रंग देऊ नये. प्रशिक्षकाच्या बोटांनी झिजलेली पंखाची कड, दोरा बांधण्यासाठी ठोकलेली खिळ्याची जागा, लाकडात राहिलेला करवतीचा ओरखडा, ही त्या प्रतिकृतीची वापराची नोंद असते. लाकडी नमुन्यावर शाळेचे किंवा करणाऱ्याचे नाव सापडले, तर त्याचे महत्त्व निर्दोष पण अनामिक प्रतिकृतीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

संग्राहकाने चुकांकडेही आस्थेने पाहायला हवे, कारण त्या काळी शत्रूविषयी काय माहीत होते आणि काय नव्हते ते चुकांतूनच कळते. जर्मनीने १९४० मध्ये हाइन्केल १०० या विमानाचे मोजकेच नमुने निरनिराळ्या चिन्हांनी रंगवून, त्यांची छायाचित्रे काढून ‘हाइन्केल ११३’ नावाचे नवे लढाऊ विमान मोठ्या संख्येने सेवेत असल्याचा आभास निर्माण केला. ब्रिटिश वैमानिकांनी ते हवेत पाहिल्याचे अहवाल दिले आणि अस्तित्वातच नसलेले हे विमान दोस्तांच्या ओळखसाहित्यात दाखल झाले. झीरोची गोष्ट याच्या उलट आहे: जून १९४२ मध्ये अलास्काजवळच्या अकुटान बेटावर उतरताना उलटलेले एक झीरो जवळजवळ अखंड अवस्थेत अमेरिकनांच्या हाती लागले आणि त्यानंतर त्या विमानाविषयीचे ज्ञान एकदम नेमके झाले. त्याच झीरोची चौकोनी टोकांच्या पंखांची आवृत्ती पुढे दिसली तेव्हा मात्र ती वेगळे विमान समजून तिला वेगळे टोपणनाव दिले गेले. अशा वेळी प्रतिकृतीच्या पोटावर उमटलेली महिना-वर्षाची नोंद हाती असेल, तर ज्ञानाच्या या वाटचालीतील तिचा टप्पा ठरवता येतो; एकाच विमानाच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन प्रतिकृती जमल्या, तर त्यांतील फरक एखाद्या गुप्त अहवालाइतका बोलका असतो.

जतनाचा प्रश्न कोकणात अधिक अवघड होतो. सेल्युलोज अॅसिटेट काळाच्या ओघात आकसते, वाकते आणि त्यातून अॅसेटिक आम्लाची वाफ सुटू लागते; व्हिनेगरसारखा उग्र वास हे त्याचे लक्षण. हे आम्ल पुन्हा त्याच प्लास्टिकवर काम करून विघटन आणखी वाढवते, आणि उष्णता व दमटपणा या प्रक्रियेला वेग देतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या चिपळूण-अलोरे परिसरात पावसाळ्याचे चार महिने हवा जवळजवळ पूर्ण ओली असते, म्हणून अशा ठिकाणी ही प्रतिकृती हवाबंद प्लास्टिक पिशवीत कोंडून ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय ठरतो, कारण सुटलेली वाफ तिच्याभोवतीच साठून राहते. आम्लरहित कागदात सैल गुंडाळून, हवा खेळती राहील अशा कोरड्या आणि गार कपाटात, ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवून आणि ते दर काही आठवड्यांनी तापवून कोरडे करून ती सांभाळावी लागते. वाकलेला पंख गरम पाण्यात बुडवून सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण त्याने आतले ताण मोकळे होऊन तडे जातात. वास येऊ लागलेली प्रतिकृती इतरांपासून ताबडतोब वेगळी करावी, कारण तिची वाफ शेजारच्या निरोगी अॅसिटेटला आणि धातूच्या वस्तूंनाही बाधते. लाकडी प्रतिकृतींना बुरशी आणि वाळवी हे वेगळे शत्रू आहेत आणि त्यांची तपासणी पावसाळ्याच्या आधी व नंतर अशी वर्षातून दोनदा तरी करणे आवश्यक असते.